धारेला कुंकू

रमण, तुझ्या शोकसभेत माझं डोकं फिरलं ते अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तलासरीच्या शाळेचा एक वर्ग आणि त्यात पाचशे माणूस. बरं बाबा, दहाने भाग. जन्मभर माझा प्रत्येक आकडा दहाने भागत आलास, आता मेल्यावर काय सोडणार आहेस. तर त्या पन्नास माणसांतला एक सफारीवाला उठला आणि म्हणाला, रमणभाई कॉम्प्युटर रिपेअरिंगची छोटीमोठी कामं करायचे, स्वभावाने मनमिळाऊ होते. छोटीमोठी म्हणे. मी मागे बसलो होतो, पहिलीच्या पोरांच्या बाकावर, गुडघे कानाला लागलेले. एका झटक्यात उठता आलं असतं तर तिथेच त्याला ऐकवलं असतं, की ज्या कंपनीने माझ्या मशीनच्या कॉम्प्युटरची सिस्टीम बनवली ती बुडाली, जिने त्यातलं कार्ड बनवलं तिने हात वर केले, आणि दोघींनी मिळून रस्त्यावर टाकलेलं लेकरू वेवजीच्या या माणसाने वीस वर्षांहून जास्त सांभाळलं. आणि मनमिळाऊ? तू? गिऱ्हाइकाने कीबोर्डवर चहा सांडल्याचं लपवलं, तर तू कीबोर्ड त्याच्याच तळहातावर उलटा करून झटकायचास आणि विचारायचास, "साखर जरा जास्तच घेता काय?"

खरं म्हणजे बाक अडचणीचा होता म्हणून मी गप्प बसलो असं नाही. उठलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्या सगळ्यात एक गोष्ट अशी होती जी मी तुलाही कधी सांगितली नव्हती. ती पहिल्यांदा पन्नास माणसांना सांगायची आणि तुला नाही, हे मला जमलं नाही.

तू गेलास आणि सहाव्या दिवशी म्हातारी बसली.

म्हातारी हे नाव तुझंच. सरावलीच्या माझ्या कारखान्यात, म्हणजे पत्र्याच्या एका खोलीत (माझ्या तोंडी कारखाना, तुझ्या तोंडी खुराडं), ती आली तेव्हा तशी तरुणच होती. आमचा धंदा डायचा. पोलादाचा ठोकळा घ्यायचा, त्यात दागिन्याची नक्षी खोल कोरायची. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि पत्र्यावर मोर उठतो. माझा बाप हा मोर छिन्नीने कोरायचा. त्याच्या मोराच्या पिसाऱ्यात लाखभर रेघा असायच्या. भाग, भाग. बापाची नजर गेली, माझा हात त्याच्यासारखा कधी वळलाच नाही, म्हणून मुंबईतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून मी कोरणारं मशीन उचलून आणलं, त्याच्या कॉम्प्युटरसकट. टेम्पोतून उतरवलं, वायर लावली, पडदा निळा झाला आणि तसाच निळा राहिला.

वापीपासून विरारपर्यंतचे सगळे कॉम्प्युटरवाले येऊन गेले. सगळ्यांचं म्हणणं एकच. ही कुठली सिस्टीम, काका? ही आम्ही पाहिलेली नाही. जगात सगळीकडे चालते ती ही नव्हे. कुठल्या तरी परदेशी कंपनीने काढली, चार वर्षं विकली आणि दुकान बंद केलं. एक जण तर म्हणाला, फेकून द्या. माझ्या दारात उभा राहून, माझा चहा पिऊन म्हणाला.

मग तू आलास. लुनावर, मागे पत्र्याची पेटी बांधलेली. तोवर तू टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करायचास, कॉम्प्युटर नुकताच शिकत होतास. स्टूल ओढलंस आणि पूर्ण एक तास मशीनला हात न लावता समोर बसून राहिलास. तीन चहा झाले. मला वाटलं, हा झोपला. मग तू तिच्याकडे बघूनच बोललास, मला नाही, तिला.

"केम नी चाले?"

का नाही चालणार? वेवजीपासून गुजरात हाकेवर, त्यामुळे तुझं अर्धं बोलणं तिकडचं. पण इतक्या हक्काने, घरच्या रुसलेल्या माणसाला विचारावं तसं मशीनला विचारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. चौथ्या दिवशी तिने रेघ ओढली. बापाला मी हात धरून आणलं, डायवरून त्याचं बोट फिरवलं. आंधळ्या बोटाने त्याने पूर्ण मोर वाचला आणि म्हणाला, डाव्या पंखात एक पीस कमी आहे. खरंच कमी होतं. तू दुसऱ्या दिवशी ते घातलंस.

पुढच्या दोन वर्षांत बापाच्या हातच्या दोनशे नक्ष्या तू आणि मी तिच्यात चढवल्या. बाप गेला. त्याचे ठोकळे झिजले, काही विकले गेले. नक्ष्या मात्र तिच्या पोटात राहिल्या. आता तो बाप फक्त तिलाच वाचता येतो, दुसऱ्या कुठल्याही सिस्टीमला नाही. हे मी सफारीवाल्याला कसं समजावणार होतो?

तिला जगवायला काय काय केलंस, ते सांगायला बसलो तर लोक म्हणतील याची सवयच आहे वाढवून सांगायची. म्हणून कमी करून सांगतो. बाजारात नवा माऊस आला, चपट्या पिनेचा. तिने त्याला ओळख दिली नाही. तू डहाणूच्या आठवडी बाजारात भंगारवाल्याकडे गोल पिनेचे माऊस शोधत फिरलास आणि पोतंभर आणलेस. खरोखर पोतं होतं, हे नको भागू. हार्ड डिस्क मेली, नवी बसवली तर ती तिला दिसेचना. तू म्हणालास, शेठ, झोपडीतल्या म्हातारीला एकदम राजवाड्यात नेलं तर तिला दार सापडेल का? मग तिला पेलेल एवढं लहान काय मिळेल, तर जुन्या कॅमेऱ्यातलं कार्ड. सरावलीच्या फोटोग्राफरकडून आणलंस, एका पट्टीवर बसवून तिला डिस्क म्हणून लावलंस, आणि ती चालू होऊन बघतो तर कार्डात कुणाच्या तरी हळदीचे सत्तर फोटो. नवऱ्याच्या आत्याचा फोटो बघून तू म्हणालास, ही बाई काढू नका, ही डिस्कची राखण करील. एक फोटो ठेवलासही. बरेच दिवस होता तो.

आणि ते कंट्रोलर कार्ड. विटेएवढं लांब, मशीनच्या हातांना हुकूम देणारं. ते ज्या लांब खाचेत बसतं, ती खाच असलेले बोर्ड बनायचे बंद झाले. वापीच्या भंगारातून तू तसे बोर्ड वेचून आणायचास, पोरगी बघायला जावं तसे निरखून. आमच्या इथलं खारं वारं त्यांच्या पितळी दातांवर बसायचं. तू खिशातून शाळेतला खोडरबर काढून ते दात घासायचास. पेचकसाचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून ऐकायचास, की आत कुठे दुखतंय.

पण बोर्ड बदलला की जुना ड्रायव्हर चालेना. ड्रायव्हर म्हणजे तो लहानसा प्रोग्राम, जो सिस्टीमला सांगतो की बाई, हे कार्ड आहे, याच्याशी असं असं बोल. कंपनीने दिलेला ड्रायव्हर कंपनीच्याच बोर्डापुरता. तेव्हा मी त्या कार्डवाल्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला होता. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, "तुमच्या प्रॉडक्टचं लाइफ संपलंय, काका." संपलंय? माझ्या टेबलावर बसून ती केसाएवढी रेघ कोरतेय, आणि तुम्ही तिकडे एसीत बसून तिचा दाखला काढलात? मी फोनवर जे बोललो ते तू कोपऱ्यात बसून ऐकत होतास. मी फोन आपटल्यावर म्हणालास, झालं असेल तर जरा बाजूला सरका, उजेड येत नाही. आणि कंपनीचा ड्रायव्हर उघडून, त्याची हाडं न हाडं मोकळी करून, तू तो पुन्हा बांधलास. रेडिओवाल्या माणसाने. दोन महिने लागले. एका फ्लॉपीवर मावला सगळा.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं.

तू डहाणू रोडच्या सायबर कॅफेत जाऊन बसायचास. जगभरातले तुझ्यासारखेच वेडे, टाकून दिलेल्या त्या सिस्टीमला धरून बसलेले, तिथे एकमेकांना लिहायचे. त्यांच्यात एक थंड मुलखातला म्हातारा होता, घड्याळांच्या तबकड्या कोरणारा. त्याच्याकडे तेच कार्ड. त्याचाही बोर्ड मेलेला. तो विचारत होता, कुणाकडे ड्रायव्हर आहे का. तू हसत हसत मला सांगितलंस, शेठ, त्याला पाठवून देतो.

मी नाही म्हटलं.

आमच्या धंद्याची रीतच आहे ती. डायवाला कामाला बसला की पाठ दाराकडे करून बसतो. नक्षी कोणी बघू नये. हत्याराला धार कशी लावतो, हे भावालाही सांगत नाहीत. मी म्हणालो, माझ्या मशीनवर बनलेली वस्तू ही. आज तबकडीवाल्याला दिलीस, उद्या चिंचणीत पोचेल. तिथे तीन जणांकडे तसली मशीनं गोणपाट टाकून पडलीयत. ती उठली की माझ्या बापाची नक्षी घरोघर.

तू म्हणालास, "शेठ, नक्षी तुमच्या बापाची. ड्रायव्हर कुणाच्या बापाचा नाही."

माझ्या आयुष्यात मला कोणी एवढं बरोबर बोललं नसेल, म्हणूनच मी एवढा भडकलो. मी तुझ्याकडून शब्द घेतला. फ्लॉपी एकच राहील, ती माझ्या कपाटात, आणि तुझ्या घरात प्रत ठेवायची नाही. तू बराच वेळ पेचकस या हातातून त्या हातात फिरवत राहिलास. मग म्हणालास, "घरात नाही ठेवणार."

आता ती गोष्ट, तुला न सांगितलेली.

त्याच वर्षीचा दसरा. हत्यारांची पूजा मांडली. बापाच्या छिन्न्या, हातोड्या, मशीनची सुई, सगळ्यावर झेंडू आणि आपट्याची पानं. बापाने मला लहानपणी एकच गोष्ट मारून शिकवली होती, की कुंकू धारेला लावायचं, मुठीला नाही. मूठ कुणाचीही असते. काम धार करते. मी छिन्नीच्या धारेला लावलं, सुईच्या टोकाला लावलं. मग कपाटातून तुझी फ्लॉपी काढून पाटावर ठेवली, कारण तिच्याशिवाय बाकी सगळी मंडळी लोखंड. आणि बोट टेकवणार तेवढ्यात मनात आलं, हे प्लास्टिक म्हणजे मूठ. धार आत आहे.

फ्लॉपीला ती पत्र्याची लहान झडप असते ना, सरकणारी. मी ती सरकवली. आत ती तपकिरी चकती, सापाच्या कातीसारखी चमकत होती. हळद लावली, कुंकू लावलं, वर दोन अक्षता. हात जोडले. बाप असता तर पाठ थोपटली असती. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून परत कपाटात ठेवली. स्वच्छतेची मला आवड आहे.

महिन्याभराने त्या कॅमेऱ्याच्या कार्डातलं सगळं उडालं. आत्याबाई सुद्धा. ते सगळं पुन्हा चढवायला बसलास, तशी फ्लॉपी घातलीस. आतून जो आवाज आला तो मी विसरणार नाही, जात्यात खडे टाकल्यासारखा. तू थांबलास. फ्लॉपी बाहेर काढलीस. मी दाराशी उभा होतो आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, "खारं वारं लागलं असेल."

तू झडप सरकवलीस. आत बघितलंस. एक बोट आत फिरवून बोटाकडे बघितलंस. मग बोट पँटला पुसलंस, फ्लॉपी शर्टाच्या खिशात टाकलीस आणि म्हणालास, "हो. खारं वारं."

आणि गेलास. आठ दिवस तुझा पत्ता नाही. नवव्या दिवशी लुना दारात, हातात नवी फ्लॉपी. तू म्हणालास, पुन्हा लिहिला. मशीन चालू झालं. मला रडू आलं होतं, ते मी ओरडून घालवलं. त्यानंतर डहाणूत, तलासरीत, सायवनच्या एका लग्नातसुद्धा, मी तुझी कथा सांगत फिरलो. रमणने आठ दिवसांत पाच हजार ओळी लिहिल्या, आठवून आठवून, अन्नाचा कण न घेता, बोटं सुजली तेव्हा पेचकसाने बटणं दाबली. तू समोर असलास की मान खाली घालायचास. लोकांना वाटायचं, काय नम्र माणूस आहे. मलाही तेच वाटायचं. आणि मनात यायचं, आज सांगू, ते वारं नव्हतं. पण कथा इतकी झकास जमली होती की त्यात कुंकवाला जागाच नव्हती.

फ्लॉपी पुन्हा एकच. माझ्या कपाटात. आपलं भांडणही तिथेच, तिच्याशेजारी. दरवर्षी एकदा तू म्हणायचास, मनीषाला शिकवतो. मनीषा म्हणजे माझी सून, नक्ष्यांचं सगळं आता तीच बघते. मी म्हणायचो, बघू. गेल्या होळीला तू जरा जोरात म्हणालास, मी काय कायमचा आहे का. मी म्हणालो, तूही त्या कंपनीसारखंच बोलायला लागलास. हे मी बोललो. तू हसला नाहीस. चहा अर्धा ठेवून गेलास. मग फोनवर बोलणं झालं, दोनदा, तीनदा, पण ते बोलणं बोलणं नव्हतं. आणि मग फोन आला तो वहिनींचा.

मला राग कुणाचा येतो म्हणून सांगू? सगळ्यांचा. त्या गोड आवाजाच्या मुलीचा. सफारीवाल्याचा. तुझ्या दहाव्याच्या दिवशी नव्या मशीनचं पुस्तक घेऊन माझ्या दारात आलेल्या त्या विक्रेत्याचा. तोवर म्हातारी बसली होती. ते कॅमेऱ्याचं कार्ड शेवटचं मेलं होतं. मी त्याला विचारलं, माझ्या जुन्या नक्ष्या यात उघडतील का. तो म्हणाला, "त्या सोडून द्या काका, नवीन बनवून घ्या." माझ्या बापाला नवीन बनवून घ्या. मनीषाने त्याला पाणी दिलं आणि फाटकापर्यंत सोडलं, नाहीतर आज मी हे पोलीस ठाण्यातून लिहीत असतो.

मनीषाने दुसरं कार्ड मिळवलं. सिस्टीमची सीडी होती, नक्ष्या तिने वेगळ्या उतरवून ठेवलेल्या होत्या. राहिला तो ड्रायव्हर. मी कपाटातून फ्लॉपी काढली, दोन्ही हातांनी, देव काढावा तशी. घातली. नुसती घरघर. झडप सरकवून बघितलं तर चकतीवर पांढरी बुरशी, जाळीसारखी. या वेळी खरोखर खारं वारं होतं, रमण. माझं खोटं इतकी वर्षं कपाटात बसून खरं झालं.

आम्ही वेवजीला गेलो. वहिनींनी तुझी पेटी समोर ठेवली. खोडरबर, पितळी स्क्रू, गोल पिनेचे चार माऊस, पेचकस. फ्लॉपी एकही नाही. वहिनी म्हणाल्या, ते म्हणायचे, शेठला शब्द दिलाय, घरात ठेवायची नाही. मी त्या ओटीवर बसलो आणि माझ्याच अकलेला इतक्या शिव्या घातल्या, मनातल्या मनात, की त्यातल्या निम्म्या गुजराती होत्या. तुझ्याकडूनच शिकलेल्या. दोनशे नक्ष्या, माझा बाप, मनीषाचं काम, सगळं अडलं होतं ते माझ्या एका कुलपापायी.

घरी आल्यावर मनीषाने मला न विचारता एक काम केलं. ती जुनी वेड्यांची मंडळी अजून आहेत, थोडी उरलीयत. तिथे तिने लिहिलं की सरावलीहून लिहितेय, रमण गेले, त्यांनी बांधलेला ड्रायव्हर कुणाकडे असेल का. मी म्हणालो, कुणाकडे असणार, मीच तर देऊ दिला नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तबकडीवाला. नव्वदीला टेकलाय. इंग्रजी होतं, मनीषा मराठीत वाचत गेली. रमणच्या जाण्याने वाईट वाटलं, त्याचा ड्रायव्हर माझ्याकडे पहिल्यापासून आहे, सोबत पाठवतो.

पहिल्यापासून. शब्द पाळलास तू. घरात नाही ठेवलीस. समुद्रापार ठेवलीस. बदमाश. आणि ते आठ दिवस? पाच हजार ओळी? सुजलेली बोटं? तू एक ओळसुद्धा लिहिली नव्हतीस. सायबर कॅफेत बसून त्याच्याकडून परत मागवलीस आणि उरलेले सात दिवस, मला खात्री आहे, वेवजीला ओटीवर बसून मासे खाल्लेस. आणि मी गावोगाव तुझे पोवाडे गात फिरलो, आणि तू मान खाली घालून हसू दाबत होतास. मी एवढा संतापलो की मनीषाला म्हणालो, बंद कर ते.

ती म्हणाली, "पप्पा, अजून आहे. रमणकाकांनी तेव्हा त्याला जे लिहिलं होतं, ते त्याने खाली जोडलंय."

आणि तिने वाचलं. तुझं पत्र, रमण, तुझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतलं. जेवढं आठवतं तेवढं लिहितो, यातला एकही शब्द वाढवलेला नाही.

"माझा ड्रायव्हर मला परत पाठव. माझी प्रत वाचता येत नाही. माझ्या मित्राच्या घरात हत्याराची पूजा करतात, आणि कुंकू मुठीला नाही, धारेला लावतात. त्याने माझ्या ड्रायव्हरला धार मानलं. तो म्हणतो, खारं वारं लागलं. मी हो म्हटलं. आजवर माझ्या कामाला कोणी एवढा मान दिला नव्हता."

मनीषा थांबली. मी म्हणालो, पुन्हा वाच.

तर तुला माहीत होतं. बोट पँटला पुसलंस तेव्हापासून माहीत होतं. मी एवढी वर्षं ते ओझं घेऊन तुझ्यासमोर बसायचो, आणि तू समोर बसून चहा प्यायचास, सगळं माहीत असून. हे बरोबर केलंस का? मला एकदा पकडायचं होतंस. चारचौघांत माझी फजिती करायचीस, मी तुझ्यावर ओरडलो असतो, तू चहा अर्धा ठेवून गेला असतास, दुसऱ्या दिवशी परत आला असतास. मला माफी मागायची होती, आणि तू ती मागायच्या आधीच देऊन टाकली होतीस, आणि तीही मला नाही, तबकड्या कोरणाऱ्या एका परक्या म्हाताऱ्याला कळवलीस. ही कुठली रीत? यावर मी तुझ्याशी भांडणार होतो. आता कुणाशी भांडू? मनीषाशी भांडून बघितलं, तिला मजा येत नाही.

म्हातारी चालू झालीय. ड्रायव्हर चढवला, निळा पडदा आला, गेला, आणि सुई हलली. पहिला मोर काढला. मी डोळे मिटून बोट फिरवलं. पीस पुरं आहे.

भांडण तू जिंकलास, लिहून देतो. मनीषाने ड्रायव्हर त्या मंडळींच्या ठिकाणी सगळ्यांसाठी ठेवून दिलाय, तुझ्या नावाने. काल चिंचणीहून एक जण आला, गोणपाटाखालच्या मशीनचा मालक, दाराबाहेर उभा राहून घसा खाकरत होता. मी पाठ दाराकडे करून बसलो होतो. उठलो, स्टूल वळवलं आणि म्हणालो, आत ये, बघ कसं चढवतात ते. तो इतका घाबरला की चप्पल घालूनच आत आला. त्याला मी तुझी कथा सांगितली. आठ दिवस, पाच हजार ओळी. काय करू, खरी गोष्ट सांगायला घेतली होती, पण सवय. भागायला तू नव्हतास.

चार दिवसांवर दसरा आलाय. वहिनींनी तुझा पेचकस मला दिला. आज मांडणीसाठी मी तो धुऊन पुसून काढला. मनीषाने विचारलं, याला कुंकू कुठे लावायचं. मी म्हणालो, हे काय विचारणं झालं, टोकाला, ज्याने तो ऐकायचा. मुठीला नाही. आणि मग मूठ बघितली. वीस-बावीस वर्षं कानाला लागून लागून एका बाजूने झिजलीय, गुळगुळीत, आत गेलेली. रमण, आमच्या घरात आजवर कोणी मुठीला कुंकू लावलेलं नाही. बापाने हातावर छिन्नी मारली असती.

लावणार आहे. बाप काय म्हणायचं ते म्हणू दे.

मनीषा माझ्याकडे बघत होती. डोळ्यांना काय झालं, म्हणून. मी म्हणालो, खिडकी उघडी आहे, खारं वारं येतंय.

खिडकी बंद होती. तिने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली. "खारं वारं."